मरिया शेजारणीसारखी दिसते तेव्हा



आज प्रभूच्या प्रकटीकरणाचा सण. आपल्या घरांत याला अजूनही 'तीन राजांचा सण' म्हणतात. गोव्यात रेइश मागुश, चांदर, कासावली येथे या सणाला लहान मुलगे मुकुट घालून राजे होतात आणि सारा गाव त्यांच्याबरोबर चर्चकडे निघतो. मात्र आज मिस्सामध्ये वाचलेला संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय घरी गेल्यावर पुन्हा एकदा सावकाश वाचा. ते राजे होते असे मत्तय म्हणत नाही. ते तिघे होते असेही म्हणत नाही. भेटी तीन आहेत, सोने, ऊद आणि गंधरस, म्हणून भेटी आणणारे तिघे असावेत असे पुढच्यांनी धरले. त्यांची नावे, त्यांचे उंट, त्यांचे मुकुट, त्यांच्यातील एकाचा काळा वर्ण, यातले काहीच शुभवर्तमानात नाही. पूर्वेकडून ज्ञानी लोक आले, एवढेच आहे.

मग बाकीचे आले कुठून? काही जुन्या स्तोत्रांतून आणि संदेष्ट्यांच्या शब्दांतून आले, काही प्रवचनकारांनी आणले, आणि पुष्कळसे चित्रकारांनी आणले. आज मी त्या चित्रकारांविषयीच बोलणार आहे. व्यासपीठावरून चित्रांच्या गोष्टी कशाला, असे कुणाच्या मनात येईल. त्याला कारण आहे आणि ते आपल्या धर्मग्रामातच घडले आहे. त्याकडे मी येतोच.

रोममध्ये प्रिस्किलाच्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातील एक भित्तिचित्र आहे. मांडीवर बाळ घेतलेली माता आणि तिच्याकडे लगबगीने जाणाऱ्या तीन आकृत्या. इतके जुने आहे हे चित्र. ख्रिस्ती लोकांचा छळ अजून थांबला नव्हता, तेव्हाचे. पुढे सहाव्या शतकात इटलीतील रावेन्ना येथे रंगीत काचांच्या तुकड्यांनी भिंतीवर हेच ज्ञानी लोक घडवले गेले. त्यांच्या अंगावर इराणी पद्धतीचे नक्षीदार तंग पायजमे आहेत, खांद्यावर झगे आहेत आणि डोक्यावर पुढे कललेल्या टोप्या. पूर्वेकडचे लोक म्हणजे इराणकडचे, असे त्या कारागिरांनी गृहीत धरले.

आणखी हजार वर्षांनी पहा. 1500 साली हिंदुस्थानकडे निघालेली पोर्तुगीज जहाजे वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली. त्यानंतर अवघ्या पाचसहा वर्षांत पोर्तुगालमधील व्हिझेउ येथील कॅथेड्रलसाठी वास्को फर्नांडिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ज्ञानी लोकांचे चित्र रंगवले. त्यात काळ्या वर्णाच्या राजाची जी नेहमीची जागा, तिथे डोक्यावर पिसांचा मुकुट घातलेला ब्राझीलचा आदिवासी उभा आहे. ही माणसे खरोखर माणसे आहेत, त्यांना गुलाम करता येणार नाही, असे पोप पॉल तिसरे यांना 1537 साली जाहीर करावे लागले. चित्रकाराने त्याच्या तीस वर्षे आधीच त्या माणसाला बाळ येशूसमोर आणून उभे केले होते, तेही नोकर म्हणून नव्हे, राजा म्हणून.

आता बेथलेहेमची एक गोष्ट सांगतो. 614 साली इराणी सैन्याने पॅलेस्टाइन जिंकला. जेरुसलेममधील चर्चेस जाळली, लुटली. पण बेथलेहेमचे, प्रभूच्या जन्मस्थानावरचे चर्च उभे राहिले. का राहिले? नवव्या शतकातील एका पत्रात याची परंपरा नोंदलेली आहे. चर्चच्या भिंतीवर ज्ञानी लोकांचे चित्र होते. सैनिक आत शिरले, त्यांनी वर पाहिले, तर भिंतीवर त्यांच्याच देशाचा पोशाख घातलेले लोक बाळाला नमन करीत होते. आपल्या पूर्वजांचा मान राखून सैनिक मागे फिरले. इतिहासकार या गोष्टीला किती वजन देतात तो भाग वेगळा. पण चर्च राहिले हे खरे, आणि ते आजही आहे.

परक्या देवघरात आपलेच कपडे दिसले आणि हातातली मशाल खाली आली. हे लक्षात ठेवा. कारण आपल्याकडे यंदा याच्या बरोबर उलटे झाले.

आपल्या युवकांनी या नाताळात गोठा नेहमीपेक्षा वेगळा केला. जांभ्याचे जोते, माडाच्या झापांचे छप्पर, मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडी, योसेफाच्या डोक्याला मुंडासे आणि मरियेला कुणबी पद्धतीचे लुगडे. पुष्कळांना ते आवडले. काहींना आवडले नाही, आणि नुसतेच आवडले नाही असे नव्हे, तर मनाला लागले. एका ज्येष्ठ भगिनी मला म्हणाल्या, "फादर, ही आपली मरियामाता वाटत नाही हो. ही शेतावर निघालेली शेजारीण वाटते." एका बंधूंनी विचारले, "आज लुगडे नेसवले, उद्या काय? इथे आपली घरे ती किती! आपली ओळख म्हणून जे थोडे उरले आहे तेही पुसायचे का?" तिकडे युवकांचे म्हणणे असे, की वर्गातली मुले आम्हाला विचारतात, तुमचा देव इंग्रजांचा ना? त्यांना काय उत्तर द्यायचे? यावरून दोन घरांतले बोलणे थांबले आहे असे कानावर आले. नाताळच्या गोठ्यावरून बोलणे थांबावे याचे मला फार वाईट वाटले.

दोन्ही बाजूंच्या मनात जे आहे ते खोटे नाही. थोड्या संख्येने राहणाऱ्या माणसाला आपली ओळख जपावीशी वाटते. आजीच्या हातात रोझरीची माळ होती, समोर निळ्या झग्यातल्या मरियेचे चौकटीतले चित्र होते, आणि त्या चित्रासमोर तिने आपली दुखणी, कर्जे, बाळंतपणे सांगितली. ते चित्र म्हणजे नुसता कागद नव्हे. त्याला कुणी हसू नये. पण आपल्याला विचारलेला प्रश्नही खरा आहे. आपला देव इंग्रजांचा आहे का?

'शेजारीण वाटते' हे शब्द माझ्या मनातून जाईनात. कारण शुभवर्तमानात हे वाक्य, जवळजवळ याच अर्थाचे, एकदा आलेले आहे. प्रभू येशू नाझरेथला परत आला आणि सभास्थानात शिकवू लागला, तेव्हा गावकरी म्हणाले, हा तो सुतारच ना, मरियेचा मुलगा? याच्या बहिणी आपल्याच गावात नाहीत का? संत मार्कने सहाव्या अध्यायात हे लिहून ठेवले आहे. तो परका वाटला म्हणून ते अडखळले नाहीत. तो फारच ओळखीचा निघाला, म्हणून अडखळले. देव लांबून आला तर माणूस गुडघे टेकतो, शेजारून आला तर भुवया उंचावतो.

अशा उंचावलेल्या भुवयांपायी आपल्या या किनाऱ्यावरच्या एका मोठ्या कलावंताला आपले गाव सोडावे लागले. त्यांचे नाव आंजेलो दा फोन्सेका. आपल्यापैकी फार थोड्यांनी ते ऐकले असेल, आणि यात दोष आपला कमी, आपल्याला शिकवणाऱ्यांचा जास्त.

फोन्सेका यांचा जन्म 1902 साली गोव्यातील सांत इस्तेव या बेटावर एका कॅथॉलिक घराण्यात झाला. मुंबईला त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले, ते सोडून चित्रकलेसाठी जे. जे. स्कूलमध्ये गेले. तिथले युरोपीय वळणाचे शिक्षण मनाला पटेना, म्हणून थेट बंगालचा रस्ता धरला. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली ते शिकले. पाण्याच्या रंगाचा पातळ थर द्यायचा, तो धुवायचा, पुन्हा थर द्यायचा, अशी ती बंगालची रीत. तिने चित्रात एक प्रकारची संध्याकाळ उतरते. तिथे त्यांच्याबरोबर काम करणारे बहुतेक लोक रामायण-महाभारतातील प्रसंग रंगवीत होते. फोन्सेकांच्या मनात मात्र लहानपणापासून ऐकलेले शुभवर्तमान होते. ते त्यांनी त्याच रीतीने रंगवायला घेतले. त्यांची मरिया सावळी आहे, साडी नेसलेली आहे, आपल्या घरातल्या एखाद्या शांत बाईसारखी आहे.

1930 च्या सुमारास ते ही चित्रे घेऊन गोव्यात परतले. आपल्या माणसांना आनंद होईल असे त्यांना वाटले असणार. झाले भलतेच. पोर्तुगीज राज्यकर्त्यांना ते रुचले नाही हे एक वेळ समजता येईल. पण नाराजी सुशिक्षित गोवेकर ख्रिस्ती समाजातूनही आली. मरियेला साडी? हा धर्माचा अपमान आहे! रोज सकाळी ज्यांच्या घरी साडीतली बाई पाणी भरायला येत होती, त्यांना साडी मरियेच्या अंगावर सहन झाली नाही. मला यात धर्म कमी आणि दुसरेच काही जास्त दिसते. आपली माणसे, आपले कपडे, आपला रंग हे देवाजवळ नेण्यासारखे नाहीत असे कुणीतरी आपल्याला फार आधीपासून शिकवले होते आणि आपण ते पाठ केले होते.

फोन्सेका पुण्याला आले. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना जागा दिली. हा आश्रम फादर जॅक विन्स्लो यांच्या संघाचा, आणि ते होते अँग्लिकन. कॅथॉलिक चित्रकाराला कॅथॉलिकांनी दूर केले आणि अँग्लिकनांनी खोली दिली. हेही आपण मोकळेपणाने सांगितले पाहिजे. आपल्या लोकांपैकी त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील इतिहासाचे प्राध्यापक, येशूसंघीय फादर हेन्री हेरास. जन्माने स्पॅनिश. भारतीय ख्रिस्ती लोकांनी भारतीय रीतीने चित्रे काढावीत हे एका स्पॅनिश माणसाला कळत होते!

पुण्यातच फोन्सेकांनी शेकडो चित्रे केली. 1951 साली त्यांचे लग्न झाले, आणि पुढच्या अनेक चित्रांतल्या मरियेला त्यांच्या पत्नी आयव्ही यांचा चेहरा आहे. म्हणजे खरोखरच ती कुणाची तरी शेजारीण होती. 1967 च्या डिसेंबरात, नाताळच्या आठवड्यात, पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत किती देवळांच्या भिंती त्यांच्यासाठी मोकळ्या झाल्या असत्या, पण फारशा झाल्या नाहीत. त्यांच्या पत्नीने ती चित्रे सांभाळली आणि 2006 साली त्यांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या येशूसंघीय संस्थेकडे सोपवला. म्हणजे मरियेची ती साडी गोव्यात परतली, पण चित्रकार जाऊन एकोणचाळीस वर्षे झाल्यावर.

आता ज्यांना जुने चित्र प्रिय आहे त्यांच्याशी दोन शब्द. जुने चित्र चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. मात्र ते 'खरे' आणि लुगड्यातले 'बनावट' असे म्हणाल, तर मला थांबवावे लागेल. मरियेला समोर बसवून काढलेले चित्र आपल्याकडे नाही. संत लूकने तिचे चित्र काढले अशी एक जुनी आख्यायिका आहे, पण शुभवर्तमानात तिचा रंग, उंची, वस्त्र, कशाचाही उल्लेख नाही. प्रत्येक देशाने तिला आपल्या घरातले वस्त्र नेसवले. इटलीच्या जोत्तो या चित्रकाराने 1305 च्या सुमारास पादुआ शहरातील एका लहान देवळाच्या भिंती रंगवल्या. ज्ञानी लोकांच्या चित्रात त्याने ताऱ्याऐवजी शेपटीचा धूमकेतू काढला आहे. 1301 साली हॅलेचा धूमकेतू आकाशात दिसला होता, तोच त्याने तिथे आणला असावा असे म्हणतात. म्हणजे बेथलेहेमवरचे आकाशही त्याने आपल्या गावातून घेतले. (1986 साली युरोपीय अंतराळ संस्थेचे जे यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेले, त्याला या चित्रकाराचेच नाव दिले होते.)

आणि ब्रूगेलचे काय सांगावे! या फ्लेमिश चित्रकाराने 1566 साली बेथलेहेममधील शिरगणतीचे चित्र काढले. योसेफ आणि गाढवावर बसलेली मरिया नावनोंदणीसाठी गावात येत आहेत. गाव कसले? त्याचेच गाव. गोठलेले तळे, बर्फात खेळणारी मुले, डुक्कर कापणारी माणसे. त्या गर्दीत मरिया शोधावी लागते, इतकी ती सगळ्यांसारखी आहे. तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

त्या बर्फावरून आठवले. आपल्या गोठ्यावर आपण वर्षानुवर्षे कापूस पसरतो. सावर्डे गावात, जिथे डिसेंबरात दुपारी पंखा लागतो, तिथे आपण प्रभूच्या जन्मावर बर्फ पाडतो. युरोपातला हिवाळा नाताळच्या पत्रांवरून आपल्या जांभ्यावर येऊन पडला, आणि त्यावर आजवर एकाही घराचे बोलणे थांबले नाही. लुगडे मात्र टोचले.

आणखी एक आठवण करून देतो. आपल्यातील किती जण वेलांकणीला जाऊन आले आहेत? तिथे वेदीवर मरियामाता साडी नेसून उभी आहे. आपण रांगेत उभे राहिलो, तिथे गुडघ्यावर आलो, साडी वाहिली, तेल आणले. तमिळ बहिणींची साडी चालली, तर कुणबी बहिणीचे लुगडे का चालू नये? हा प्रश्न मी चिमटा काढण्यासाठी विचारत नाही. उत्तर आपण प्रत्येकाने आपल्या मनात शोधायचे आहे, आणि ते उत्तर कदाचित जातीचे असेल, गरिबीचे असेल. जरीची साडी मातेला शोभते, चिखलातले लुगडे शोभत नाही. पण बेथलेहेममध्ये त्या रात्री जरी नव्हती.

चित्रे परधर्मात, परदेशात जाऊन काय करतात याचीही एक गोष्ट ऐका. 1580 साली धन्य रुडॉल्फ आक्वाव्हिवा आणि त्यांचे दोन येशूसंघीय सोबती गोव्याहून निघून फतेहपूर सिक्रीला अकबर बादशहाच्या दरबारी पोहोचले. हेच फादर रुडॉल्फ तीन वर्षांनी, 1583 साली, कुंकळ्ळीला मारले गेले. त्यांनी बरोबर नेले होते रोमच्या सांता मारिया माज्जोरे या बासिलिकातल्या मरियेच्या चित्राची प्रत आणि छापील चित्रे असलेले बायबल. बादशहाने चित्राला मान दिला आणि दरबारातले चित्रकार ती चित्रे पाहून हात बसवू लागले. त्या वातावरणात वाढलेला अबुल हसन हा मुलगा 1600 साली तेरा वर्षांचा होता. जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या 1511 मधील क्रूसाच्या चित्रातून त्याने एकच आकृती उचलली, क्रूसाखाली उभा असलेला संत योहान. हात एकमेकांत गुंफलेले, डोळे वर. मुसलमान घरातला तेरा वर्षांचा मुलगा, आणि त्याने अख्ख्या चित्रातून निवडले ते मित्राचे दुःख. हा कागद आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे.

परतफेडही झाली. हॉलंडमध्ये 1656 साली दिवाळे निघालेला रेम्ब्रां मोगल चित्रे समोर ठेवून त्यांच्या नकला करीत होता. अशा वीसएक नकला अजून शिल्लक आहेत. त्यातल्या एकीत झाडाखाली चार वृद्ध मुसलमान पेले घेऊन बोलत बसले आहेत. त्याच वर्षी त्याने अब्राहाम तीन देवदूतांचा पाहुणचार करतो हा उत्पत्तीच्या पुस्तकातील प्रसंग कोरला, आणि बसण्याची मांडणी त्या चौघांवरून घेतली असे अभ्यासक मानतात. अब्राहामाच्या दारी आलेले देवदूत कसे बसले असतील, हे एका डच माणसाला हिंदुस्थानातल्या चार म्हाताऱ्यांनी शिकवले. यात कुणाचा धर्म बुडाला?

ख्रिस्तसभेने या सगळ्याचा विचार फार पूर्वी केला आहे. आठव्या शतकात प्रतिमा मोडण्याची लाट आली, तेव्हा खलिफांच्या राज्यात राहणाऱ्या दमास्कसच्या संत योहानने त्यांची बाजू मांडली. त्याच्या म्हणण्याचे सार असे, की अदृश्य देवाचे चित्र काढता येत नव्हते, पण देवाने देह धारण केला, तो दिसला, म्हणून आता काढता येते. 787 साली नायसियाच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने सांगितले, की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत अडकत नाही, ज्याची ती प्रतिमा आहे त्याच्यापाशी जातो. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले, की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून ठरवलेली नाही. सर्व लोकांच्या आणि प्रदेशांच्या कलेला देवघरात जागा आहे, मात्र आदर आणि भक्ती हवी. हे होईपर्यंत फोन्सेका साठी ओलांडून गेले होते.

पण युवकहो, तुम्हालाही थोडे सांगायचे आहे. साडी नेसवली की चित्र भारतीय झाले, असे नसते. भारतीय ख्रिस्ती कला म्हणून जे छापले जाते त्यातले बरेच मला वेशभूषा स्पर्धेसारखे वाटते. चेहरा तोच गोरा, बसण्याची ढब तीच, फक्त खाली एक कमळ आणि मागे एक समई. फोन्सेकांनी आधी वर्षानुवर्षे हात झिजवला, आश्रमात राहिले, मग ती साडी त्यांच्या मरियेच्या अंगावर बसली. तुम्ही लुगडे नेसवलेत, पण त्या लुगड्यातल्या बाईशी तुमची ओळख किती आहे? भाताच्या लावणीला ती किती तास वाकते, तिचे कंबरदुखीचे औषध कुठून येते, तिला मिळणारी मजुरी किती, हे विचारलेत का? आणि ज्या आजीबाईंचे मन दुखावले, त्यांना गोठा बांधण्यापूर्वी कुणी एका शब्दाने विचारले का? त्यांच्या चौकटीतल्या चित्राला त्याच पडवीत एक कोपरा देता आला असता.

शिवाय सुंदर आणि गोड तेवढेच पवित्र, असाही समज नको. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा गोव्याच्या कॅथॉलिक घरात वाढले, पुढे जगप्रसिद्ध झाले, 2002 साली वारले. 1959 मध्ये त्यांनी रंगवलेला क्रूसावरचा ख्रिस्त लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. काळा, काटेरी, दात दिसणारा. सोझांचे चर्चशी काही जमले नाही, आणि ते चित्र मी माझ्या खोलीत लावणार नाही. पण शुभ शुक्रवारी मला ते आठवते. गुळगुळीत ख्रिस्ताकडे पाहून वेदना समजत नाही.

तुमच्यापैकी अनेक जण 2024 च्या दर्शनसोहळ्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनासाठी जुन्या गोव्याला गेला होता. पुन्हा जाल तेव्हा चढावरच्या सांता मोनिका मठात जरूर डोकवा. तिथे ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. देशी कारागिरांच्या हाताने लाकडात, चांदीत, हस्तिदंतात घडलेल्या वस्तू तिथे पाहायला मिळतील. सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंताचा 'उत्तम मेंढपाळ' घडवला जाई. डोंगरावर बसलेला लहानगा येशू, गालाला हात, डोळे मिटलेले, मांडीवर आणि खांद्यावर कोकरू. बघणाऱ्याला क्षणभर बुद्धाची आठवण होते. 1567 च्या गोव्याच्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती मूर्तींचे काम ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांना देऊ नये असे ठरवले होते. तरी ते त्यांच्याकडे जात राहिले, कारण हात त्यांचा होता. अशा हातांचे ऋण आपल्यावर आहे.

तसे हात आपल्या गावात आहेत. सावर्ड्यात कलामहाविद्यालय आहे, हे भाग्य थोड्या गावांना मिळते. नदीकाठी, बाजारात, एसटी थांब्यावर बसून रेखाटने करणारी मुले आपण रोज पाहतो आणि पुढे जातो. डेरवणच्या शिवसृष्टीत महाराजांचा इतिहास सिमेंटमधून उभा राहिलेला आपण पाहुण्यांना आवर्जून दाखवतो. पिंगुळीचे ठाकर समाजाचे चित्रकथी कागदावरची चित्रे एकामागून एक दाखवून रामकथा सांगतात. ही सारी आपल्या शेजारची माणसे. बायबलमधील प्रसंग चित्रकथीच्या रीतीने मांडले तर कसे दिसतील, हा विचार मला बरेच दिवस सुचतो आहे.

तर पुढील रविवारी, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, गोठा आहे तसाच राहील. त्यात निळ्या झग्यातली जुनी मूर्तीही आजपासून पडवीत ठेवली आहे. ज्या दोन घरांचे बोलणे थांबले आहे त्यांच्याकडे मी या आठवड्यात चहाला येणार आहे, एकाच दिवशी, आणि दोघांनाही एकाच घरी यावे लागेल. बाप्तिस्मा कुंडामागची भिंत गेल्या पावसातल्या ओलीमुळे पुन्हा रंगवावी लागणार आहे. नुसता चुना मारण्याऐवजी तिथे एक चित्र व्हावे असा माझा विचार आहे. धर्मग्राम परिषदेची संमती मिळाली, तर कलामहाविद्यालयात जाऊन विचारीन. चित्रकार कोणत्या धर्माचा आहे हे आपण विचारायचे नाही, पण चित्र सुरू होण्यापूर्वी त्याला किंवा तिला आपल्याबरोबर बसून लूकच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय वाचावे लागतील. आणि चित्रकाराला समोर बसणारी माणसे लागतात. योसेफासाठी दोन नावे आली आहेत. मरियेसाठी, बाळ घेऊन दोन तास स्थिर बसू शकेल अशी एखादी आई हवी. ज्येष्ठ भगिनींनी नाव सुचवावे. शनिवारपर्यंत माझ्याकडे किंवा साक्रिस्तानकडे कळवा.